ऑपेरा, कलादालने आणि आपण

मुंबईच्या वर्तमानपत्रांतून एक यादी नेहमी छापून येते. या आठवड्यात शहरात काय पाहाल? ऑपेरा हाऊसमध्ये अमुक गायिका, नरिमन पॉइंटला अमुक वाद्यवृंद, जहांगीरमध्ये अमुक चित्रकाराचे प्रदर्शन. ही यादी जळगावलाही पोचते. मी येथल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि मेहरूणला राहतो. माझ्या वर्गातली निम्मीअधिक मुले घरातली पहिलीच शिकणारी आहेत, मीही तसाच होतो. कुणी सुटीत डाळमिलवर जाते, कुणी केळीच्या गाड्या भरते. ही यादी वर्गात वाचली तेव्हा अमळनेरकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "गानं आयकाले बी पैसा लागतस का, सर?"

प्रश्न साधा आहे. परंतु ही यादी कुणासाठी लिहिली जाते आणि कुणाला वगळून लिहिली जाते, हे त्यात आले आहे. असा प्रश्न आला की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर सुशिक्षित झालेल्या आपल्याच माणसांचे: कला सर्वांची असते, रसिकता वाढवा, संधी मिळाली की जा. दुसरे कार्यकर्त्यांचे: हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत, आपला त्याच्याशी संबंध नाही. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्यात इतिहास नाही आणि दुसऱ्यात हक्काची जाणीव नाही. बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकण्याची धडपड केली. ते वाद्य कुणाचे, हे विचारत ते थांबले नाहीत. म्हणून त्या यादीतल्या वास्तूंचा इतिहास तपासणे आणि त्यांच्या आत जे चालते ते आपल्या अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहणे, एवढेच मी या लेखात करणार आहे.

१

चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ साली, बांधकाम चालू असतानाच, पंचम जॉर्जच्या हस्ते झाले. राजा आला म्हणून 'रॉयल'. पुढे तेथे पाश्चात्य संगीतिकांबरोबर देशी नाटके झाली, बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूर यांच्या नाटकांचे प्रयोग झाले आणि नंतर चित्रपट आले. १९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ती वास्तू विकत घेतली. १९९३ मध्ये ती बंद पडली, आणि दुरुस्ती होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडली.

नेमक्या याच काळात, १९१२ साली, भीमराव आंबेडकर नावाचा तरुण एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला. त्याचे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. एकाच शहरात राजाच्या नावाने नाट्यगृह उघडत होते आणि त्याच शहराच्या गिरणगावात खोलीच्या एका कोपऱ्यात अभ्यास चालला होता. या दोन घटना शेजारी ठेवल्या की शहराच्या सांस्कृतिक इतिहासात कुणाला जागा मिळाली आणि कुणाला मिळाली नाही, हे स्पष्ट होते. ऑपेरा हाऊसचा इतिहास पुन:पुन्हा सांगितला जातो. चाळीतल्या शाहिरांचा इतिहास मात्र आपल्यालाच गोळा करावा लागतो.

मराठी माणूस ऑपेऱ्याला परका नाही, असे नाट्यसमीक्षक अभिमानाने म्हणतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि संगीत रंगभूमी उभी राहिली. हा अभिमान खोटा नाही. आमच्या जळगावचाही त्यात वाटा आहे. बालगंधर्वांचे गाण्याचे सुरुवातीचे शिक्षण येथेच मेहबूबखाँ यांच्याकडे झाले, आणि आज शहराचे खुले नाट्यगृह बालगंधर्वांच्याच नावाचे आहे. पण 'शाकुंतल'मधल्या पदांच्या चाली कोठून आल्या? साकी, दिंडी यांच्या बरोबरीने लावणीच्या चालीही त्यात होत्या. लावणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात आणि ढोलकीवर जगवली ते महार, मांग, कोल्हाटी कलावंत मात्र कनातीतच राहिले. चाल घेतली गेली, पण ती चालवणारा बाहेर ठेवला गेला. त्यांच्या खेळाला तमाशा म्हणायचे आणि तो शब्द शिवीसारखा वापरायचा, तर इकडे तीच चाल नाटकात आली की ती अभिरुची झाली.

वस्तुतः ऑपेरा म्हणजे काय? कथा गाण्यातून सांगणे, संवाद सुरात बोलणे, वाद्यवृंद, समूहगान, आणि एका रात्रीत उलगडणारे एक संघर्षनाट्य. गण, गवळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने चालणारा आपला तमाशा याहून वेगळा कोठे आहे? आमच्या खानदेशात भिका-भीमा सांगवीकरांसारख्यांच्या फडांनी जत्रेजत्रेत रात्र जागवली. हलगी शेकोटीवर तापवून तिचा आवाज चढवणारा माणूस हा वाद्यवृंदातला वादकच असतो. फरक कलेच्या जातीत नसून कलावंताच्या जातीत आहे.

२

१९११ हे साल मी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवतो. त्याच वर्षी अमेरिकेत स्कॉट जॉप्लिन या काळ्या संगीतकाराने 'ट्रीमोनिशा' नावाच्या आपल्या ऑपेऱ्याची संगीतलिपी स्वतःच्या खर्चाने छापली. जॉप्लिनचा बाप गुलामगिरीत वाढलेला होता. ऑपेऱ्याचे कथानक १८८४ सालचे, आर्कान्सामधल्या मळ्यावरच्या वस्तीतले आहे. ट्रीमोनिशा ही वस्तीतली एकमेव शिकलेली मुलगी. मंत्रतंत्र आणि ताईत विकणारे भोंदू लोकांना लुबाडतात आणि ती त्यांना विरोध करते. भोंदू तिला पळवून नेतात. तिची सुटका होते. शेवटी वस्ती तिला आपली पुढारी म्हणून निवडते. विद्या आली की भीती जाते, एवढेच त्या कृतीचे म्हणणे आहे.

जॉप्लिनच्या हयातीत ही कृती रीतसर रंगमंचावर आली नाही. १९१५ साली हार्लेममध्ये ना नेपथ्य, ना वाद्यवृंद, अशा अवस्थेत जॉप्लिनने स्वतः पियानोवर बसून तिचे एक वाचन केले, तेवढेच. १९१७ साली तो वारला. पूर्ण प्रयोग व्हायला १९७२ साल उजाडावे लागले, आणि १९७६ साली त्याला मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला.

हे कथानक ऐकताना आपल्या वाचकाला दुसरे एक नाटक आठवल्यावाचून राहणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो आणि अनुष्ठानाच्या नावाखाली त्या कुटुंबाला कर्जात लोटतो. विदूषक मधूनमधून ढोंग उघडे पाडत राहतो. अखेरीस ते नवराबायको फुल्यांच्या रात्रशाळेत जाण्याचा निश्चय करतात. हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले गेले आणि नाकारले गेले. ते छापून प्रसिद्ध झाले १९७९ साली. लिहिल्यापासून छापेपर्यंत १२४ वर्षे!

जॉप्लिनला फुले ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही दोघांनी एकच कथा लिहिली, कारण दोघांसमोर एकच व्यवस्था होती: माणसाला आधी अडाणी ठेवायचे आणि मग त्याच्या अडाणीपणावर पोट भरायचे. दोन्ही कृतींचे पुढे जे झाले तेही सारखेच. आधुनिक मराठी रंगभूमीची सुरुवात सांगताना १८४३ चे 'सीतास्वयंवर' आणि १८८० चे 'शाकुंतल' यांची नावे घेतली जातात. मधले १८५५ गाळले जाते. जे नाटक खेळूच दिले नाही, ते रंगभूमीच्या इतिहासात कसे येणार, असा युक्तिवाद केला जातो. आधी दार लावून घ्यायचे आणि मग आत कुणी आलेच नाही असे नोंदवायचे, ही इतिहासलेखनाची रीत आपण ओळखली पाहिजे.

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा १८८३ मध्ये सुरू झाले. तेथे मॅरियन अँडरसन ही पहिली काळी गायिका एकल भूमिकेत उभी राहिली ती जानेवारी १९५५ मध्ये. आणि काळ्या संगीतकाराचा पहिला ऑपेरा तेथे झाला तो २७ सप्टेंबर २०२१ रोजी, टेरेन्स ब्लँचर्ड यांचा. म्हणजे १३८ वर्षे. अमेरिकेला निदान हा आकडा मोजावा लागला, त्याची चर्चा झाली. आपल्या अभिजात म्हणवणाऱ्या मंचांनी असा हिशेब अजून मांडलेला नाही.

३

मग ऑपेरा पाहायचाच कशाला? मी म्हणतो, पाहायचा, पण आपल्या डोळ्यांनी. मोझार्टचा 'फिगारोचे लग्न' हा ऑपेरा घ्या. १७८६ साली व्हिएन्नात त्याचा पहिला प्रयोग झाला. कथा अशी: फिगारो आणि सुझाना हे एका सरदाराच्या वाड्यातले नोकर. त्यांचे लग्न ठरले आहे. नोकराच्या नवरीवर पहिला हक्क मालकाचा, ही जुनी रीत सरदाराने जाहीरपणे सोडून दिलेली असते, पण सुझानाच्या बाबतीत त्याला ती परत हवी आहे. सगळा ऑपेरा म्हणजे त्याला चकवण्याची धडपड. शेवटी सरदाराला सगळ्यांसमोर आपल्या बायकोची क्षमा मागावी लागते.

ही कथा मी वर्गात सांगितली. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुले ताठ बसली. वाडा, मालक, राबणारी बाई आणि तिच्यावरचा हक्क, यांतले काहीही त्यांना समजावून सांगावे लागले नाही. दक्षिण मुंबईत भरजरी कपड्यांत बसलेल्या श्रोत्यांना या कथेतला विनोद कळतो. आमच्या मुलांना त्यातले भय कळले. आता या दोहोंत रसिक कोण?

पण येथेच थांबलो तर ती भाबडी स्तुती होईल. हा ऑपेरा ज्या नाटकावरून घेतला ते बोमार्शेचे फ्रेंच नाटक फार जहाल होते. १७८५ साली व्हिएन्नात सम्राटाने त्याच्या प्रयोगाला मनाई केली होती. ऑपेऱ्याला परवानगी मिळाली, ती काटछाट झाल्यावर. मूळ नाटकात फिगारोचे एक लांबलचक स्वगत आहे. त्यात तो सरदाराला विचारतो की जन्माला येण्यापलीकडे तू केलेस तरी काय? ऑपेऱ्यात हे स्वगत उडाले आणि त्याच्या जागी बायकांच्या बेइमानीवर आग पाखडणारे गाणे आले. जन्माच्या आधारावर माणूस मोठा ठरतो याविषयीचा संताप वळवून स्त्रीवर सोडला गेला. संगीत अप्रतिम आहे आणि विचाराचा घात झाला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. समीक्षेने दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आणि त्याच दमात आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या वगांत, बतावणीत, गवळणीत सावकाराची टर उडवणारा सोंगाड्या किती सहजपणे बाईच्या अंगावर विनोद करू लागतो! सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी हे ओळखले होते. म्हणूनच त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातला मजकूर बदलला. देवाच्या गणाची जागा महामानवांच्या वंदनाने घेतली आणि छेडछाडीची जागा प्रश्नोत्तरांनी. भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३०च्या दशकात गावोगाव हे काम केले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्य केले. ही माणसे परंपरेची भगत नव्हती. परंपरा कोठे कापायची हे त्यांना ठाऊक होते. तीच दृष्टी मोझार्टलाही लावायची आहे.

४

आता चित्रप्रदर्शनांकडे येतो. काळा घोड्याच्या परिसरात १९५२ साली सुरू झालेले जहांगीर कलादालन आहे. आत जायला पैसे लागत नाहीत. तरीही मुंबईतल्या एका दालनाच्या दारावर आमच्या विद्यार्थ्यांना रखवालदाराने विचारले, "कुणाकडे काम आहे?" इतर कुणाला तो हे विचारत नव्हता. तोही बिचारा कुठल्यातरी खेड्यातून आलेला, आमच्यासारखाच. कुणाला अडवायचे हे त्याला कुणी लिहून दिलेले नसणार. चपला, पिशव्या आणि रंग पाहून त्याने ते ओळखले. दाराला तिकीट नसले तरी दारावर जात उभी असते, ती अशी.

जहांगीरच्या समोर रस्त्यापलीकडे एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. कलादालन पाहायला येणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाने आधी त्या इमारतीकडे पाहून घ्यावे. या चौकात उभे राहण्याचा आपला हक्क त्या दालनाहून जुना आहे.

सर जे. जे. कला शाळा १८५७ साली स्थापन झाली. देशी कारागिरी सुधारावी हा तिच्यामागचा एक हेतू होता. पण हळूहळू कला आणि कारागिरी यांत भिंत पडली. कॅनव्हासवर रंगवले ती कला, मडके घडवले ती कारागिरी, आणि मेलेल्या जनावराचे कातडे कमावून हलगी मढवली तर तो विटाळ! चामड्याचा पोत, ताण आणि आवाज यांचे ज्ञान ज्याच्या बोटांत आहे त्याला कलावंत का म्हणू नये, याचे सौंदर्यशास्त्रीय उत्तर कुणी दिलेले नाही, कारण तसे उत्तर नाहीच.

या भिंतीला आपल्या माणसांनी खिंडार पाडले आहे. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य रेखाटला, देवदासी रेखाटली. पेशवाईचा इतिहास ज्यांना सनावळ्यांतून ठाऊक होता त्यांना तो देहाच्या रूपात पाहावा लागला. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. ज्या शहराच्या याद्या आपण वाचतो त्या शहराची घाण कोण उपसते, हे त्या चित्रांनी दाखवले. प्रभाकर कांबळे यांनी 'उतरंड' या रोजच्या शब्दालाच शिल्पाचे रूप दिले. एकावर एक रचलेली मडकी म्हणजे जातिव्यवस्था, हे समजायला कुठल्याही कलासमीक्षकाची गरज पडत नाही. विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचे मोर्चे आणि माणसे रंगवतात.

याचा आनंद आहे, पण त्यात एक धोकाही दिसतो. आपल्या वेदनेला आता बाजारात किंमत येऊ लागली आहे. वेदना भिंतीवर टांगली जाते, विकली जाते, आणि विकत घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात निरुपद्रवी होऊन बसते. दलित आत्मकथनांच्या बाबतीत हे आपण पाहिले आहे. वाचक हळहळला, पण भाड्याने घर देताना त्याने आडनाव विचारलेच. म्हणून या चित्रकारांचे काम वस्तीपर्यंत आले पाहिजे. समाजमंदिराच्या भिंतीवर, वसतिगृहाच्या जेवणघरात, वाचनालयात त्याच्या प्रती लागल्या पाहिजेत. ज्यांचे चित्र काढले त्यांनीच ते पाहिले नाही, तर त्या चित्राचे काम अर्धेच राहते.

५

मुंबईच्या यादीत जे कधीच येत नाही ते आमच्या दारात आहे. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५च्या आगीत त्यांतल्या बऱ्याचशा जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. म्हणजे मुंबईच्या आधुनिक कलाशिक्षणाने आपला हात बसवला तो बुद्धाच्या लेण्यांत. आणि ज्या समाजाने १९५६ साली बुद्धाचा धम्म पुन्हा स्वीकारला त्याची मुले तेथे जातात ती दिवसभराच्या सहलीला, फर्दापूरला उतरून, डबा खाऊन परतायला! पद्मपाणीसमोर पाच मिनिटे उभे राहायला त्यांना कुणी शिकवलेले नसते. हा दोष मुलांचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे.

चाळीसगावच्या वरच्या डोंगरात पितळखोरे आहे. तेथे सापडलेली एक यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, हसरा यक्ष, डोक्यावर पात्र धरलेला. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की ही मूर्ती कण्हदास या सोनाराने घडवली. इसवी सनापूर्वीच्या काळातला एक कारागीर आपले नाव आणि आपला धंदा आपल्या कृतीवर लिहून ठेवतो! बौद्ध लेण्यांच्या त्या जगात राबणाऱ्या हाताला नाव होते. पुढच्या शतकांत ते नाव पुसले गेले, फक्त जात उरली. आपल्या कलासमीक्षेचा आरंभबिंदू मला ऑपेरा हाऊसच्या कोनशिलेपेक्षा कण्हदासाच्या या अक्षरांत दिसतो.

आणखी एक प्रदर्शन दर वर्षी भरते. ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि शिवाजी पार्कवर लाखो माणसे येतात. पुस्तके, चित्रे, मूर्ती, शाहिरांचे मंच, रात्रभर गाणी. तिकीट नाही आणि दारावर रखवालदारही नाही. एवढा मोठा सांस्कृतिक सोहळा ज्या शहरात होतो त्या शहराच्या कलाविषयक सदरात त्याचे नाव नसते. वर्तमानपत्रे त्याची दखल घेतात ती बहुधा वाहतुकीच्या बातमीत.

पण त्या गर्दीतही डोळे उघडे ठेवून हिंडले पाहिजे. एकाच साच्यातून काढलेल्या भडक तसबिरींचे ढीग आपण का विकत घेतो? १४ एप्रिलला आमच्या वस्त्यांतून डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि त्या आवाजात वामनदादांच्या परंपरेतला, एकतारी घेऊन उभा असलेला म्हातारा गायक ऐकू येत नाही. त्याला मानधन द्यायला वर्गणी उरत नाही. प्रस्थापितांनी आपला कलावंत नाकारला याचा राग करताना, आपण त्याला काय दिले हेही विचारले पाहिजे. जलसा कुणी बंद पाडला नाही. आपण तो ऐकणे सोडले.

६

मग करायचे काय? शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांना करता येण्यासारखी काही कामे मी मांडतो.

महाविद्यालयांनी सहलीचा खर्च करताना वर्षातून एकदा तरी मुंबईचे एक कलादालन, एक संगीताचा प्रयोग आणि ६ डिसेंबर या तिन्ही गोष्टी मुलांना दाखवाव्यात आणि आल्यावर त्यांच्याकडून लिहून घ्यावे. तुलना त्यांची त्यांनाच करू द्यावी. 'तृतीय रत्न'चा प्रयोग प्रत्येक तालुक्यात व्हावा. त्याला नेपथ्य लागत नाही, एक जोशी, एक कुणबी, एक बाई आणि तोंडाळ विदूषक एवढे पुरे. संगीत शिकलेल्या आपल्या कुणा तरुणाने ते गाण्यात बांधावे. 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाने २०१२ साली जालन्याकडची मुले मुंबईच्या मंचावर उभी केली. नाटक, शाहिरी आणि विचार एकत्र येऊ शकतात, प्रेक्षकही येतात, हे तेथे सिद्ध झाले आहे. गावोगावचे हलगीवादक, वहीगायक आणि जलशातले उरलेसुरले साथीदार यांची गाणी ध्वनिमुद्रित करावीत. आज प्रत्येक मुलाच्या खिशात त्याचे साधन आहे. आणि ध्वनिमुद्रणावर कण्हदासासारखे त्या माणसाचे नाव आणि गाव लिहावे.

शासनाने आणि सांस्कृतिक संस्थांनीही उत्तर दिले पाहिजे. सार्वजनिक जागेवर किंवा सार्वजनिक पैशावर चाललेल्या प्रत्येक मंचाने गेल्या वर्षी कुणाला बोलावले, किती जागा विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या, मराठीतून माहिती दिली का, याचा हिशेब जाहीर करावा. ही मेहेरबानीची मागणी नाही.

अमळनेरच्या मुलाला मी दिलेले उत्तर येथे नोंदवतो. गाणे ऐकायला पैसे लागतात, हे खरे. पण ज्या गाण्याला पैसे लागतात ते मोठे आणि ज्याला लागत नाहीत ते हलके, ही समजूत पैसेवाल्यांनी पसरवली आहे. दोन्ही ऐक. मग कोणते मोठे ते तूच ठरव आणि का, ते मला चार पानांत लिहून दे. त्याने सहा पाने लिहिली. त्यातला पहिला परिच्छेद त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांविषयी होता आणि शेवटचा सुझानाविषयी. आपली समीक्षा अशीच लिहिली जाणार आहे. तिला जागा देण्याचे काम आपल्या नियतकालिकांचे आहे.